प्रतवारी

मला एकोणीस नंबरची बंडी मिळाली आणि तिला आधीच्या माणसाच्या घामाचा वास येत होता. मी नाक मुरडत ती अंगात चढवली. खांद्यांना पॅड, कोपरांना पॅड, नडग्यांना पॅड, वर डोक्याला हेल्मेट. त्रेचाळीस वर्षांची बाई आरशात बघितली तर गादीच्या गुंडाळीसारखी दिसत होती.

"नाड्या घट्ट बांधल्यास ना?" हे विचारत होते. हे म्हणजे माझे यजमान, विद्याधर. माझी हॉकीची काठी हातात धरून कपडे बदलण्याच्या खोलीच्या दारात उभे होते. गळ्यात मफलर, पायात साधे बूट. आज त्यांना खेळायचं नव्हतं, परीक्षक म्हणून वर काचेमागे बसायचं होतं.

"बांधल्यात. तुम्ही जा आता वर. कुणी बघितलं तर म्हणतील, पेपर फोडायला आलाय."

ते हसले. काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नीट खेळ."

मला नीट खेळायचंच नव्हतं. पंधरा दिवस मी ते मनात पक्कं करून ठेवलं होतं आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता, ह्यांनासुद्धा नाही.

इथं विनिपेगच्या बर्फाच्या रिंकवर दर सप्टेंबरात मोठ्या माणसांची अशी परीक्षा व्हायची. कामावरून सुटलेले प्लंबर, नर्सबाया, शिक्षक, टॅक्सीवाले बर्फावर उतरायचे, तासभर आइस हॉकी खेळायचे आणि वर बसलेले तिघे ठरवायचे की कोण ए, कोण बी, कोण सी आणि कोण डी. ज्याची जी लेव्हल, त्यानं त्याच लेव्हलच्या टीममध्ये वर्षभर खेळायचं. म्हणजे कुणी कुणाला चिरडत नाही आणि सगळ्यांना मजा येते. डी म्हणजे आम्ही. थांबायचं असेल तर ज्यांना भिंतीवर जाऊन आपटावं लागतं, ते सगळे डी.

ह्यांची टीम डीमध्ये, आणि कप्तान हेच. त्यांना खेळ येत होता म्हणून कप्तान नव्हते. जर्सी धुऊन आणणं, सगळ्यांना फोन करणं, ही कामं न कुरकुरता करणारा दुसरा कुणी नव्हता. आमची लेक ओटावाला शिकायला गेली आणि घर एकदम रिकामं झालं, तेव्हा ह्यांनी चाळिशी उलटल्यावर स्केटिंग शिकायला घेतलं. पहिल्या वर्षी रोज नवीन ठिकाणी निळं-काळं होऊन यायचे. मी हळद लावत म्हणायची, "ह्या वयात कशाला ही हौस?" ते म्हणायचे, "तू पण चल की."

आता मी का गेले, ते सांगायला हवं. मी मिरजेची, माहेरची पाटणे. शाळेमागच्या मैदानावर आवटी सरांनी मला हॉकी शिकवली. आपली हॉकी, मुरुमाच्या मैदानावरची, चेंडूची. दोन वर्षं राज्याच्या संघात खेळले. त्या हॉकीत चेंडूला पाय लागला की फाऊल. सर मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडायचे, "हेमे, पाय काढ की गं! पाय हाईत का खांब?" आम्ही अनवाणी सराव करायचो. चेंडू घोट्यावर बसला की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे, त्यामुळे पाय आपोआप बाजूला व्हायला शिकले.

मग हे बघायला आले. नाशिकची मंडळी, मुलगा राहुरीला शेतकी शिकलेला, परदेशी जायच्या खटपटीत. सगळ्यांदेखत ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्ही हॉकी खेळता म्हणे?" आईनं पढवून ठेवलं होतं, तसं मी म्हटलं, "खेळायचे. आता सोडलं." लग्न ठरलं. पुढच्या महिन्यात राष्ट्रीय संघाच्या निवडीचं शिबिर होतं, तिथं मी गेले नाही. त्याचं मी फार दुःख करत बसले असंही नाही. त्या काळी मुली खेळ सोडायच्याच, मीही सोडला.

त्यामुळे ह्यांच्या नादानं बर्फावर उतरले तेव्हा काठी हातात आल्याबरोबर मनगटं कामाला लागली आणि मी स्वतःच चकित झाले. इथं चेंडू नसतो, रबराची जाड चकती असते, पक म्हणतात. स्केटिंग मला बेताचंच यायचं, पण पक एकदा काठीला लागला की सोडायची नाही. नवीन म्हणून मला परीक्षेशिवाय डीमध्ये घेतलं आणि ह्यांच्याच टीममध्ये मी एक हंगाम खेळले.

तो हंगाम! शनिवारची संध्याकाळ आली की मी स्वयंपाक लवकर आटपायची. हे गाडीत काठ्या भरायचे, मी थर्मासमध्ये चहा भरायची. बर्फावर मी "अहो, इकडे द्या! अहो, मागे बघा!" असं ओरडायची, त्यामुळे टीमला वाटलं ह्यांचं नावच अहो. ह्यांच्या जर्सीवर मागे तेच छापून आलं आणि ह्यांनी ते बदललंही नाही. मी पास द्यायचा, ह्यांनी चुकवायचा, आणि आम्ही दोघांनी बेंचवर येऊन पोट धरून हसायचं. एकदाच, फेब्रुवारीत, माझा पास ह्यांच्या ढुंगणाला लागून गोलात गेला. अख्खी टीम ह्यांच्या अंगावर पडली. घरी येईपर्यंत हे गाडीत एकटेच हसत होते. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण हा माणूस मला पहिल्यांदा सापडला तो त्या हंगामात, असं म्हटलं तरी चालेल.

पण दुसऱ्या टीमच्या कप्तानांनी कुरकुर केली. ती नऊ नंबरच्या जर्सीची बाई डीमधली नाही, पक काढून घेते आणि परत देत नाही. लीगनं सांगितलं, हिला सप्टेंबरात परीक्षेला पाठवा. त्या वर्षी डीच्या कप्तानांपैकी परीक्षक व्हायची पाळी ह्यांच्यावर आली. नवराच बायकोची परीक्षा घेणार याचं तिथं कुणाला काही वाटलं नाही. निम्मी लीग एकमेकांचे साडू नि मेहुणे होती.

मला डीमध्येच राहायचं होतं. सी मिळालं असतं तरी शनिवार गेला असता. म्हणून मी ठरवलं, वाईट खेळायचं.

वाईट खेळणं सोपं नसतं हो. पहिल्या पाच मिनिटांत मी दोनदा पडले, ते जमलं. पास मागे दिला, तो समोरच्याला मिळाला, तेही जमलं. वर बघितलं तर काचेमागे तिघे बसले होते. मध्ये ग्लेन, लीगचा जुना माणूस, आयुष्यभर शाळेची बस चालवलेला. त्याच्या एका बाजूला आमचे डॉक्टर उदगीरकर, दातांचे डॉक्टर, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथं आलेले, मुलं हॉकीत वाढवलेली. दुसऱ्या बाजूला हे.

मग एकदा पक नेमका माझ्या काठीवर आला. समोर गोलकीपर पडलेला, गोल सताड उघडा. वीस वर्षं झाली तरी मनगट म्हणालं, मार. मी काठी तिरपी केली आणि पक भिंतीवर मारला. कुणीतरी हळहळलं. मला इतकं कसंतरी झालं की मी हेल्मेटच्या जाळीमागे डोळे मिटले. शाळेत कॉपी करतानाही कधी इतकी लाज वाटली नव्हती.

शेवटी शेवटी पक दोनदा-तीनदा सरळ माझ्या पायांवर आला. आइस हॉकीत पाय चालतो. पक पायावर आला तर पायानंच काठीकडे ढकलायचा, नवशिकेही तेच करतात. मी मात्र प्रत्येक वेळी दोन्ही पाय उचलून बाजूला उडी मारली. ते मी मुद्दाम केलं नव्हतं, ते आपसूक झालं. पण माझ्या पथ्यावरच पडलं, असं तेव्हा मला वाटलं. बघणाऱ्याला वाटणार, बाई पकला घाबरते. वर बघितलं तर हे चष्मा काढून पुसत होते.

खेळ संपला. आम्ही पॅड काढून बाहेरच्या गल्लीत उभे राहिलो. दरवेळी दहा मिनिटांत ग्लेन येऊन नंबर वाचायचा. त्या दिवशी येईना. वरच्या खोलीच्या काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. ग्लेन हाताची घडी घालून बसला होता. हे उभे होते आणि हात हलवून काहीतरी सांगत होते. आमच्या ह्यांना मी आयुष्यात कधी कुणाशी हात हलवून बोलताना बघितलं नव्हतं.

शेजारी हरजीत उभा होता, आमच्या टीमचा गोलकीपर, टॅक्सीवाला. तो म्हणाला, "देख भाभी, अहो लड़ रहा है तेरे लिए."

मला फार बरं वाटलं. म्हणजे इतकं वाईट खेळूनही मेल्यांना शंका आली असणार, आणि हे मला ठेवून घ्यायला झगडतायत. मी हरजीतला चहा दिला.

ग्लेन खाली आला आणि एकेक नंबर वाचू लागला. सतरा, सी. अठरा, डी. एकोणीस, बी.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, "एकोणीस?"

"बी," ग्लेन म्हणाला आणि माझ्याकडे जरा निरखून बघत पुढं गेला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "ऐकलं नाही का त्यांनी तुमचं?"

ह्यांनी गाडी सुरू केली. "ऐकलं."

"मग?"

"बीच बरोबर आहे, हेमा."

"म्हणजे? तुम्ही उभे राहून भांडत होता ते बीसाठी?"

"हो."

"मला तुमच्या टीममधून घालवायला?"

"तसं नाही गं. तू बीची आहेस. डीमध्ये तुझं काय आहे?"

डीमध्ये माझं काय आहे! मी खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्याच आठवड्यात पिझ्झा खाताना टीममधले सगळे ह्यांना चिडवत होते. हरजीत म्हणाला होता, "अहो, भाभी को आगे भेज, तू बेंच पे चाय पी." सगळे हसले होते, हेही हसले होते. आता मला ते हसणं वेगळंच आठवायला लागलं. बायको पुढं आणि आपण मागं, हे खुपलं असणार. पुरुषांना खुपतंच. असं आडून काढायचं म्हणजे नावही चांगलं राहतं.

"स्पष्ट सांगायचं होतं," मी म्हटलं, "की तू नको टीममध्ये. एवढे तिघे बसवून पंचनामा कशाला करायचा?"

"माल ज्या प्रतीचा, ती प्रत लावायची," ते म्हणाले. "मला दुसरं काय येतं?"

ते खरंही होतं. हे धान्याच्या प्रयोगशाळेत गव्हाची प्रतवारी करायचे. मूठभर दाणे पांढऱ्या ताटलीत पसरायचे आणि सांगायचे, हा एक नंबर, हा दोन, हा जनावरांना. शेतकरी विनवण्या करायचे, हे दाणाभर इकडचे तिकडे व्हायचे नाहीत. पण त्या घटकेला मला त्याचाच संताप आला.

"मी काय गहू आहे?" मी ओरडले. "चाळून वेगळी काढायला?"

सिग्नलला थांबलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "बीच्या टीमचे सामने बुधवारी असतात. मी बघायला येईन."

"कशाला? कुठं खडा राहिलाय का ते बघायला?"



बीच्या टीमच्या कप्तानिणीचा दोनदा फोन आला. मी म्हटलं, गुडघा दुखतो. गुडघा तेव्हा ठणठणीत होता. माझी किट तळघरात खुंटीला टांगली गेली. शनिवारी हे एकटेच काठी घेऊन निघायचे, दारात घुटमळायचे आणि म्हणायचे, "येतेस बघायला?" मी म्हणायची, "मला कामं आहेत." खरी कामं काहीच नसायची. मी टीव्ही लावून बसायची आणि दारात ह्यांची गाडी आली की बंद करायची.

आमचं भांडण असं काही राहिलं नाही. जेवणं, बाजार, लेकीचं लग्न, सगळं नीट झालं. फक्त तो विषय घरातून उठला. एक गोष्ट मात्र मला माहीत होती. दर सप्टेंबरात हे माझे स्केट दुकानात नेऊन धार लावून आणायचे आणि गुपचूप परत खुंटीखाली ठेवायचे. मला न सांगता, आणि मीही न विचारता. मला ते बघून आणखी राग यायचा. वाटायचं, मनाला लागलंय म्हणून करतायत. लागू दे. पाच-सहा वर्षं त्यांनी ते केलं. मग एका सप्टेंबरात मी तळघरात गेले तर पात्यांवर गंज होता. मी तिथं पायरीवर बसले बराच वेळ. बोलायचं असतं तर त्या दिवशी बोलता आलं असतं. पण वर आले आणि कुकर लावला.

पुढं गुडघा खरोखरच गेला. मागच्या वर्षी बदलून घेतला.

व्यायाम करून घेणाऱ्या बाईकडे मी आठवड्यातून दोनदा जायची. एक दिवस बाहेरच्या खोलीत उदगीरकर बसलेले. आता ऐंशीचे झालेत, काठी घेऊन चालतात, पण जीभ शाबूत आहे.

"काय वहिनी, तुमचा कुठला?"

"उजवा. तुमचा?"

"दोन्ही. फुकट मिळाल्यासारखे करून घेतले." हसता हसता एकदम आठवल्यासारखे म्हणाले, "तुमच्यावरून एकदा आमची केवढी जुंपली होती माहितेय का? लीगची ती परीक्षा. तुम्ही नुसत्या आपटत होतात."

मी म्हटलं, "तुम्ही मला बी दिलंत आणि माझा खेळ संपवलात, डॉक्टर." मी गमतीनं म्हणाले, पण आवाज तसा निघाला नाही.

"मी? मी कुठं! मी डी लावलं होतं. ग्लेननं पण डीच लावलं होतं. झालं होतं की आमचं! पुढच्या नंबरवर जाणार, तर विद्याधर उठून उभा राहिला. म्हणाला, चूक होतेय."

"चूक काय होतेय?"

"तेच ग्लेननं विचारलं. ग्लेन म्हणाला, ती बाई पकला घाबरते, पक आला की उड्या मारते. तर हा म्हणतो, ती घाबरत नाही. तिच्या हॉकीत पाय लागला की फाऊल असतो, म्हणून पाय काढते. घाबरणारा माणूस पक आल्यावर डोळे मिटतो, हिचे डोळे बघा, पकवरून हलत नाहीत. आणि गोलाला काठी तिरपी कशी केली ते बघितलंत का, म्हणे, चुकवायलासुद्धा हात लागतो. ग्लेन म्हणाला, पण ती मुद्दाम का चुकवेल?" उदगीरकरांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "बरं का वहिनी, विद्याधरनं एकदा खाली बर्फाकडं बघितलं. मग म्हणाला, माझ्यासाठी. माझ्याबरोबर खेळता यावं म्हणून."

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला, तरी मी उठले नाही.

"म्हणाला, मलाही तेच हवंय. डी लावलंत तर मी घरी नाचत जाईन. पण मी हिला एकदा मिरजेला खेळताना बघितलंय, लग्नाच्या आधी. तिचा खेळ एकदा माझ्यामुळे सुटला. तुम्ही डी लावलंत तर ती अशीच मुद्दाम चुकवत राहील आणि तो दुसऱ्यांदा सुटेल." उदगीरकर माझ्याकडे बघायला लागले. "मला वाटलं, तुम्हाला हे ठाऊक असेल. त्यानं घरी नाही सांगितलं?"

त्या दिवशी मी काय व्यायाम केला, मला आठवत नाही. घरी येताना बसमध्ये मला इतकं वाईट वाटत होतं की शेजारच्या बाईनं विचारलं, बरं आहे ना? बीच्या टीममध्ये मी आठ वर्षं तरी सहज खेळले असते. दर बुधवारी हे काचेमागे बसले असते. खेळ ह्यांनी माझ्यापुढं आणून ठेवला होता आणि मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं होतं.

घरी आले तर हे स्वयंपाकघरात खिडकीशी बसून तांदूळ निवडत होते. निवृत्त झाल्यापासून घरातलं सगळं धान्य तेच निवडतात. इथल्या तांदळात खडा सापडत नाही, तरी निवडतात.

मी पर्स ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, "मिरजेला तुम्ही मैदानावर आला होतात?"

त्यांचं बोट ताटात थांबलं. "उदगीरकर भेटला वाटतं."

"कधी आला होतात?"

"तुला बघायला आलो त्याच दिवशी. गाडी वेळेच्या आधी पोचली. मामा म्हणाले, चारच्या आधी जायचं नाही, बरं दिसत नाही. मग मी आपला हिंडत होतो. शाळेमागं मॅच चालली होती, कुंपणाशी उभा राहिलो. शेजारच्या माणसाला विचारलं, ती वेणीवाली कोण हो? तो म्हणाला, ती पाटण्यांची हेमलता. मला घामच फुटला. चार वाजता तिच्याच घरी जायचं होतं."

मला ती दुपार आठवली. म्हणजे मॅच नाही, नंतरची. धावत घरी आले होते, आईनं न्हाणीघरात ढकललं होतं, घाईघाईनं नेसवलेल्या साडीखाली घोटा ठणकत होता. आणि ह्यांनी विचारलं होतं, "तुम्ही हॉकी खेळता म्हणे?"

"आणि मी सांगितलं, सोडलं."

"हं."

"तासाभरापूर्वी तुम्ही मला बघितलं होतं. तरी काही बोलला नाहीत."

"नाही बोललो."

"आणि इतकी वर्षं? मी गाडीत तुम्हाला वाटेल ते बोलले. नंतर मी तुम्हाला काय काय समजून बसले. एकदा तरी सांगायचं होतं."

त्यांनी ताटातला एक दाणा उचलला, उजेडाला धरला आणि परत ठेवला.

"काय सांगणार होतो, हेमा? की बघितलं होतं, आणि तरी होकार दिला?"

नळ टपटपत होता तो मी बंद केला. खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, नवा गुडघा हातानं वाकवून.

"जिंकलो होतो का आम्ही त्या दिवशी?"

"तुला आठवत नाही?"

"नाही. इतक्या मॅचेस झाल्या. खरंच नाही आठवत."

"तीन-दोन. दोन तुझे."

"पहिल्यापासून सांगा," मी म्हटलं.

त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"तू डावीकडून आलीस," ते म्हणाले.